कलेक्टरच्या मडमेचा दिवा

—नाही नाही, तुम्ही बसा. गुडघ्याला कशाला त्रास? केळीची बाग आज पाहिली काय अन् उद्या पाहिली काय, केळी कुठं पळून जात नाहीत. माझा भाऊ जीवराम नेऊन आणतो सगळ्यांना छकड्यातून — तुमची बहीण गेलीय, तुमचा भाचा गेलाय, बघतील अन् येतील. तोवर मी आहे ना बोलायला. मी ताईबाई, जीवरामची थोरली बहीण, सगळी आळी मला आक्का म्हणते, तुम्हीही म्हणा. या वयात पदराआडून बोलायचं मला काही कारण उरलेलं नाही, अन् तुमच्या धुळ्याकडचीच सून मी — नवरा गेला तशी जळगावला माहेरी परत आले, पण तुमची बोली अजून कानात आहे, 'काय करी ऱ्हायनी वं' असं कुणी म्हटलं की सासूच हाक मारतेय असं वाटतं. सुपारी घ्या ना, रतिलालभाऊ. ती नाही, ही डब्यातली घ्या, कातरलेली. तबकातली अख्खी आहे ती तुमचीच, पण ती खायची नाही, फोडायची — अन् तीही जमलं तर. तुम्हाला मी काय सांगावं? मुलाचे वडील असते तर त्यांनी फोडली असती, ते नाहीत, रुपचंदला तुम्ही मामानं वाढवलं, म्हणजे तुम्ही सुपारी फोडली की लग्न ठरलं, अन् नाही फोडली तर आम्ही आपली ती उचलून पुन्हा डब्यात टाकायची. अडकित्ता तिथंच ठेवलाय शेजारी. घाई नाही. मी आपलं दाखवून ठेवलं.

दिवा बघताय होय? बघा की. मघापासून लक्ष आहे माझं — जीवरामची वच्छला चिवड्याची बशी घेऊन आली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते अन् तुम्ही एकटे दिव्याकडे. मला राग नाही आला. ज्याचं धुळ्यात दिव्यांचं दुकान तो दिव्याकडेच बघणार. हलवाई असता तर बशीकडे बघितलं असतं. — हे काय केलंत? अंगठीनं टिचकी मारलीत हंडीवर? अन् कान कशाला लावलात, तेही डोळे मिटून? बोलतो की काय तो? बरं बरं, ऐका, मी गप्प बसते. — झालं ऐकून? काय म्हणाला? नुसती मान हलवलीत, ती चांगल्याला की वाइटाला ते कसं कळायचं आम्हा बायकांना. तुम्ही बोलतच नाही मुळी. तुमच्या बहिणीनं सांगितलंच होतं म्हणा, दादा गिऱ्हाइकाशी बोलतो तेवढंच, घरी तोंड उघडत नाही. चालेल. आमच्याकडं बोलणाऱ्यांची टंचाई नाही.

तर त्याची गोष्ट सांगते. मोठी गोष्ट आहे, आमच्या आजोबांच्या वेळची. कलेक्टर होता एक गोरा, त्याची मडम. त्या मडमेनं हा दिवा विलायतेहून बोटीनं आणला, भुशाच्या पेटीत घालून, कारण तिला म्हणे आपल्या कंदिलाच्या उजेडात विणकाम करता येईना. बघा, काचेची अशी गोल हंडी वर, खाली तसंच गोल पोट, दोन्हीवर गुलाब, मध्ये पितळेची नक्षी — राणीच्या राज्यात त्यांच्या घरोघरी बैठकीत असे दिवे असायचे म्हणे. मग तिला खानदेशातला उन्हाळा सोसेना. ताप भरला. साहेब म्हणाला, चल परत. सगळं सामान बांधलं, पण हा दिवा तेवढा बांधवेना तिला, त्याच्याजवळ उभी राहून रडली बिचारी, म्हणाली, ज्यानं माझी इमानानं चाकरी केली त्याच्या घरी हा जळू दे. अन् दिला. कुणाला? आमच्या आजोबांना. आजोबा काय करायचे तिच्याकडे? — ते कारभार बघायचे. बागेचा. कुठल्या बागेचा ते आता मला काय ठाऊक, मी जन्मले नव्हते. — ठसका लागला का? पाणी घ्या, तांब्या तिथंच आहे. जोराचाच लागला हो. मडमेची गोष्ट ऐकून अजून कुणाला ठसका नव्हता लागला, लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. तुमच्याही आलंय म्हणा, पण ते ठसक्याचं.

उलटा करताय? सांभाळून भाऊ, जीव जाईल तिचा — माझा म्हणते मी, माझा जीव जाईल. बुडाला काय, शिक्का शोधताय? शिक्के इथल्या मालाला, विलायती माल तोंडानंच ओळखू येतो. अन् तो असा हातावर तोलून काय बघता, भाजी आहे का ती? हलका लागतो म्हणजे काय, जुना आहे, झिजला असेल. माणूसही म्हातारपणी हलका होतो, मी नाही का झाले. — खिशातून काय काढलंत ते? लोहचुंबक? मुलगी बघायला लोहचुंबक घेऊन येतात तुमच्याकडं? — चिकटलं. चिकटलं तर चिकटलं. पितळेला चिकटत नाही हे मलाही ठाऊक आहे, घरात हंडे-घागरी काय कमी घासल्यात जन्मभर, पण ते आपलं पितळ. त्यांच्याकडं आत लोखंड घालत असतील मजबुतीला अन् वरून पितळेचा मुलामा. गोऱ्यांना मजबुती फार लागते, तापीवरचा पूल बघा की.

आता गुलाबांवरून नख फिरवायचंय? फिरवा, पण खरवडू नका. — काय, गुळगुळीत लागतं? हो, हातानं रंगवलेलं फूल असतं ना, त्याला कुंचल्याचा थर असतो, नखाला जरा उंच लागतं, अन् छापाचं फूल सपाट लागतं — असं मला कालच कुणीतरी सांगितलं. कुणी ते जाऊ द्या. अन् हे बोट कुठं ठेवलंत? वरच्या गुलाबाची एक पाकळी मोडकी आहे, बरं. खालच्या गुलाबाची तीच पाकळी मोडकी. पलीकडच्याचीही तीच. एकाच झाडाची फुलं असतील! एका घरातल्या पोरांची नाकं नसतात का सारखी? — हसलात. हसा, हसा, हसणारा माणूस मला बरा वाटतो. चोपड्याहून पाहुणे आले होते आमच्या वच्छीला बघायला, त्यांच्यातला एक हसेल तर शपथ. चार लाडू खाल्ले, सुपारीकडं ढुंकून बघितलं नाही, 'कळवतो' म्हणून गेले, ते अजून कळवतायत.

वास आला ना? घासलेटचा? घ्या, जवळून घ्या, तेच तर सांगते मघापासून, घासलेटच्या दिव्याला घासलेटचाच वास येणार. पेटवून दाखवला असता, पण लढाई चाललीय तिकडं, घासलेट मिळतं कुठं — स्वैपाकघरातल्या चिमणीला पुरत नाही, मडमेच्या दिव्याला कुठून घालू? हे बघा ना, आत काचेवर काजळी किती धरलीय, वर्षानुवर्षं जळल्याशिवाय — बोट घातलंत? चिकट लागली? रतिलालभाऊ, तुम्ही फार खोलात जाता. अन् आता त्या बोटाचा वास घेताय. एरंडेल. काजळीला एरंडेलाचा वास कसा आला हे मला विचारू नका. — बरं, नुसते बघू नका असे, विचाराच. काजळ आहे ते. डोळ्यांत घालायचं, घरी धरलेलं. मीच लावलं आज सकाळी, हात पोचेल तिथवर. जुना दिवा म्हटला की काच काळी नको? अन् घासलेटची चिंधीही मीच फिरवली, बाटलीच्या बुडाशी होतं तेवढ्याची. आता तुम्ही वर बोट दाखवताय — धूर वर जातो, काजळी वरती धरते, अन् मी लावली खाली. हो बाबा, चुकलं. एवढा विचार कुणी केला होता? पण बुडाजवळचा तो काळा ठिपका माझा नाही हं. ती तीट आहे. ती मंजुळाबाई लावते, दर खेपेला, दृष्ट लागू नये म्हणून.

दर खेपेला म्हणजे — दर दिवाळीला. मंजुळाबाई म्हणजे शेजारीण आमची, मोठी मायाळू बाई, कुणाच्याही वस्तूला तीट लावते. — जरा पाय इकडं घ्या ना भाऊ, तिथं सतरंजी नीट नाही बसलेली. खाली काय आहे? दोरी आहे, कपडे वाळत घालायची. सतरंजीखाली कशाला म्हणजे, उंदरं नेतात. नका उचलू — उचललीत. आता मी तरी किती झाकू. वायर आहे. काल दिवा लावून बघितला तेव्हाची राहिलीय, जाते ती भिंतीच्या कडेनं, खिडकीतून, पलीकडं मंजुळाबाईच्या घरात. तिच्याकडं वीज आहे, आमच्याकडं नाही, खांब आळीच्या त्या टोकाला येऊन थांबला तो थांबलाच. पण म्हणून दिवा खोटा ठरत नाही, ऐका तर खरं — होता घासलेटचाच, मडमेचाच, मागाहून विजेचा करून घेतला. घेतात ना लोक करून? येत असतील तुमच्या दुकानात असे कितीतरी. — टाकी दाखवताय. बरं, टाकीचं काय? घासलेट ओतायला भोकच नाही. बुजवलं असतं तर डाग दिसला असता, हा पहिल्यापासूनच बंद गोळा. अन् वात वरखाली करायची ही चावी, ती फिरवली की टक् वाजतं, म्हणजे चावी नाही, बटन. म्हणजे घासलेट याच्या पोटात जन्मात कधी गेलं नाही. जुन्यासारखा दिसावा म्हणून नवा घडवला अन् पहिल्या दिवसापासून विजेवर चालवला. कळलं. मला कालच कळलं हे सगळं, वच्छीनं सांगितलं, अगदी तुम्ही जसं बोट ठेवत गेलात तसंच — फूल, पाकळी, टाकी, बटन — लोहचुंबक तेवढं सोडून, ते तिच्याकडं नाही.

अगबाई. हे मी बोलायचं नव्हतं. जीवरामनं सकाळी मला देवापुढं बसवून सांगितलं होतं, आक्का, काय वाटेल ते बोल, वच्छी वायरी जोडते हे तेवढं बोलू नकोस. पोरगी पक्कड अन् पेचकस घेऊन बसते असं कळलं तर कोण करील तिला? आता बोललेच आहे तर अर्धं कशाला ठेवू. काल दुपारी हा दिवा इथं आणून ठेवला, अन् लागेचना. मंजुळाबाईनं हाय खाल्ली, तिचा दिवा म्हणजे तिचा जीव. वच्छीनं घेतला मांडीवर, खालचं कापड सोडवलं, पेच काढले, सगळा उघडा करून बसली परातीत, जशी मी मेथी निवडते तशी. हे शिकली कुठं म्हणाल तर मंजुळाबाईकडं वीज जोडायला माणूस आला होता तेव्हा ही दिवसभर त्याच्या शिडीखाली उभी होती. सातवी पास झालीय, पण पुस्तकातलं तिचं तिला माहीत. वायर आतून तुटली होती. ती जोडली, अन् मंजुळाबाईच्या घरापर्यंत पोचेना म्हणून सतरंजीखालच्या वायरीला आणखी एक तुकडा जोडला. दिवा लागला. अन् मग म्हणाली, 'आक्का, हा मांडू नका. जुना नाही हा, जुन्याचं सोंग आहे, अन् ज्यांचं दिव्यांचं दुकान त्यांच्यापुढं हा ठेवला तर ते दिव्याला हसतील अन् मग मलाही.' असं म्हणाली. मी ऐकलं नाही. मी म्हटलं, तुला काय कळतं, बैठकीत एक भारी वस्तू दिसली की पाहुण्यांची मान आपोआप हलते. माझीच खोड.

अन् तुमचा भाचा, तो काही कमी नाही. तुम्ही बाहेर पाय धुवत होता तेव्हाची गोष्ट. तो इथं बसला, सतरंजीच्या कडेला वायरीचा जोड जरासा उघडा राहिला होता, तो वाकून बघत म्हणाला, हा जोड कुणी मारला? जीवरामचा चेहरा उतरला. मी दुसरीकडं बघायला लागले. अन् दारातून वच्छी म्हणाली, 'मी.' बस, एवढंच. अन् तो म्हणाला, 'चांगला मारलाय.' त्यानंही एवढंच. पण पोरीचे कान असे लाल झाले, रतिलालभाऊ, अन् तो पुढं घटकाभर त्या जोडाकडंच बघत बसला, वर मान करायची त्याला हिंमत होईना. मी पुष्कळ बघणी बघितलीत. मुलगा मुलीची वेणी बघतो, रंग बघतो, चाल बघतो. तिनं मारलेला जोड बघणारा पहिलाच. आता मघाशी सगळे छकड्यात बसायला निघाले तर ही माझ्या पदराला धरून विचारते, 'आक्का, बागेवरून इथंच येतील ना परत, की परस्पर स्टेशनावर जातील?' या पोरीनं आजवर कुठल्या पाहुण्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. चोपड्याचे गेले तेव्हा शांतपणे ताटल्या घासत बसली होती. म्हणून तर मी एवढी खोटं बोलत सुटले ना. मला हे जमायला हवंय. दुसऱ्या कुठल्या बैठकीत मला तिला बशी घेऊन पाठवायची नाही आता.

मग, दुकानदार म्हणून सांगा, काय किंमत होईल याची? मी विकत नाही, नुसतं विचारते. — हात असा झाडलात. म्हणजे काहीच नाही? पत्र्याच्या मोडीत घालायचा? मंजुळाबाईला हे कळलं तर ती जेवायची नाही. हो, तिचाच आहे. एवढं सगळं उघडं पडल्यावर हे कशाला लपवू. आळीत मुलगी दाखवायची असली की हा दिवा जातो त्या घरी, अन् दिव्यामागं मंजुळाबाई जाते. पाच पोरी उजवल्या म्हणे यानं. असोद्यालाही जाऊन आला, छकड्यात कडब्यावर बसून, तिथं ना वीज ना काही, नुसता ठेवला तोंड बघायला, पाहुणे म्हणाले लावा की, तर मंजुळाबाईनंच सांगितलं, लढाई चाललीय, घासलेट कुठंय. तिथून ते आम्ही उचललं. पैसे घेत नाही ती. खण-नारळ घ्यायचा, अन् लग्न जमलं की तिला पुढच्या पंगतीला बसवायचं, एवढंच. गोष्टसुद्धा तीच देते दिव्याबरोबर, तीच मडमेची. आजोबा ज्यानं त्यानं आपापले घालायचे.

तिच्या गोष्टीत आजोबा नाही, खानसामा आहे. ती तिनं केलेली नाही, तिच्या नवऱ्याला मिळाली, दिव्याबरोबरच, तुमच्या धुळ्यातच. भोळा माणूस तो, सरकी विकायला गेला होता, त्या पैशात दुभती म्हैस घ्यायची हे बायकोशी ठरवून गेलेला. अन् परत आला तो हा दिवा काखोटीला मारून. म्हशीचे सगळे पैसे दिव्यात. मंजुळाबाई सांगते ते ऐकण्यासारखं आहे — दुकानदारानं त्याला म्हणे गादीवर बसवलं, चहा पाजला, मडमेची गोष्ट सांगितली, ती रडते तिथं स्वतःही डोळे टिपले. हा म्हणाला, पण विलायती कशावरून? तर त्या दुकानदारानं काय करावं — बोटातल्या अंगठीनं हंडीवर अशी टिचकी मारली, डोळे मिटले, कान लावला, जरा वेळ तसाच राहिला, अन् सगळं विलायतीच म्हणून सांगितलं, 'ऐकी ल्या शेठ, बठ्ठं विलायती शे' —

—

रतिलालभाऊ, हात बघू. तो नाही. अंगठीचा.

आता उपरण्याखाली घालून काय उपयोग, मी बघितलीय ना ती. अहो, मघाशी तुम्ही माझ्यासमोर टिचकी मारलीत, कान लावलात, डोळे मिटलेत, अन् मी आपली म्हणते, बोलतो की काय तो. म्हणजे ठसका त्याचा होता. तुमचीच मडम तुम्हाला मी आजोबा घालून ऐकवत होते. माय वं. थांबा, मला हसू देत जरा, पोटात दुखायला लागलंय. तिला ताप तुम्हीच आणला? रडवलंही तुम्हीच? — मान खाली घातलीत. मग एवढं तपासत काय होता इतका वेळ, चुंबक काय, नख काय? आपलाच दिवा आहे की दुसऱ्याचा, ते? का सवयच आहे हाताला? अन् किंमत विचारली तर हात झाडलात. द्यायच्या वेळी म्हैस अन् घ्यायच्या वेळी पत्रा. खरा व्यापारी आहात, धुळ्याचं नाव राखलंत.

नाही हो, मी रागावले नाही. मी कुठल्या तोंडानं रागावू, हाताला अजून काजळ आहे. तुम्ही दुकानात मांडून फसवलं, मी बैठकीत मांडून फसवायला बसले होते, आपलं दोघांचं एकच वाण आहे. सोयरीक झाली तर शोभेल. पण एक सांगते, अन् हे हसण्यावारी नका नेऊ. माझी पोरगी त्यातली नाही. या बैठकीत खोटं ते एवढंच, हा दिवा अन् माझं तोंड. ती खरी आहे. तिनं मला अडवलं होतं, दिवा जुन्याचं सोंग आहे असं तोंडावर सांगितलं होतं, अन् दारात उभी राहून 'मी' म्हणाली, जेव्हा तिचा बापही बोलायला भ्याला. तुमच्या दुकानात असं खरं बोलणारं कुणी आलं तर तुमची जरा पंचाईत होईल, ते मी समजते. मडमेला परत विलायतेला पाठवावं लागेल. पण रुपचंद सुखी होईल. अन् तुम्ही त्याचे मामाही आहात अन् बापही.

छकड्याचा आवाज येतोय का हो? आमच्याच बैलांच्या घुंगरांचा वाटतो. आले वाटतं. — चहाला उशीर का लागतोय म्हणाल तर दूध आणायला पाठवलं होतं, आता आत उकळतोय, वासावरून कळतंय. मंजुळाबाईच करतेय. सांगितलं ना, दिवा जिथं जातो तिथं ती जातेच, सकाळपासून मागं आमच्या चुलीपाशी बसलीय, हाक मारल्याशिवाय तिथवर ऐकू जात नाही. तुम्हाला चेहऱ्यानं नाही ओळखत ती, दुकानात नवरा एकटाच गेला होता. पण टिचकी ती झोपेतही करून दाखवील. अन् त्या म्हशीसाठी तिचा जीव अजून तुटतो, रोज सकाळी दुधाचा रतीब दुसऱ्याकडून घेताना नवऱ्याला ऐकवते. तर बोलावू का तिला चहा घेऊन? बोलावते. पाहुणे बसलेत दिव्यांचे दुकानदार, ये, ओळख करून देते, म्हणते. — नको? हात जोडू नका हो, मोठे आहात तुम्ही, पाहुणे आहात. मी काय कुणाला सांगणार आहे? मला फक्त एवढंच वाटतं की सगळे दारातून आत येतील तेव्हा ते तबक तसंच पडलेलं दिसू नये. चहा घेऊन आलेल्या माझ्या पोरीची नजर पहिली तिथंच जाईल.

कुठं चालला हात? दिव्याकडं — नाही. तबकाकडं. अडकित्ता तुमच्या उजव्या हाताला. जरा जोर लावा भाऊ, कडक झालीय ती, चोपड्याच्या पाहुण्यांपासून तीच सुपारी ठेवतोय आम्ही.

—

फुटली. दोन्ही शकलं सारखी पडली बघा. — काही नाही, रडू आलं मला, दुसरं काय. बसा तुम्ही. मी काही बोलत नाही आता.

मंजुळाबाई, चहा झाला असला तर आण गं — नाही, नाही. तू नको येऊस बाई. वच्छीच्या हाती पाठव.